लायब्ररीचं मोजमाप

“लायब्ररी सोडून दुसरं काहीही काढ,” पप्पा म्हणाले.

भाकरी मोडता मोडता, माझ्याकडे न बघता म्हणाले. आईनं आमटीची वाटी त्यांच्यापुढं सरकवली आणि तीही खाली बघत राहिली.

“का पण?”

“काय आहे त्या लायब्ररीत? साधा चौकोनी डबा. घाटावरचं मारुतीचं देऊळ काढ. दगडी काम आहे, कमानी आहेत. बाहेरच्या लोकांना तसलं आवडतं.”

हे ऐकून मला पहिल्यांदा खटकलं. कारण ती लायब्ररी पप्पांनीच बांधली होती. तालुक्याच्या आमच्या गावात शेवाळे कॉन्ट्रॅक्टर म्हटलं की लोक तीच दाखवायचे. लहानपणी मला स्कूटरवर पुढं उभी करून ते तिकडून न्यायचे आणि म्हणायचे, “ऋजू, बघ, आपली लायब्ररी.” आणि आता तीच त्यांना साधा चौकोनी डबा वाटत होती.

बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. मला आर्किटेक्चर शिकायला बाहेरच्या देशात जायचं होतं आणि घरात त्याला कुणाचीच ना नव्हती. दोन कॉलेजं डोक्यात होती. एक ऑस्ट्रेलियातलं, मोठ्या शहरातलं, काचेच्या उंच इमारतीतलं. त्यांनी माझे अकरावीपर्यंतचे मार्क बघूनच जागा देऊ केली होती. दुसरं स्कॉटलंडमधलं, समुद्राकाठच्या एका जुन्या गावातलं, लहानसं. खर्च दोन्हीकडं सारखाच. पण स्कॉटलंडवाल्यांची एक अट होती. तुमच्या ओळखीची एक इमारत निवडा, स्वतः टेप घेऊन मोजा आणि ती जशी आहे तशी काढा, जशी असायला हवी होती तशी नको. मग त्यावर ते मुलाखत घेणार होते.

मला ती अट वाचूनच ते कॉलेज आवडून गेलं होतं. मी पप्पांच्या साईटवर वाढलेली मुलगी. मोजायला मला बाहुल्यांपेक्षा जास्त आवडायचं.

पप्पांना मात्र ऑस्ट्रेलियानं झपाटलं होतं. हे दुसरं खटकलेलं. आदल्या दिवाळीपर्यंत हाच माणूस पाहुण्यांना सांगत होता की ऋजुता शिकून आली की बोर्ड बदलायचा, ‘शेवाळे आणि मुलगी’. आणि आता रोज सकाळी चहाबरोबर तोच विषय. “तिथं शिकलं की तिथंच नोकरी लागते म्हणे. कायमचं राहता येतं.”

“पण पप्पा, ती तीन वर्षांची पदवी आहे. तेवढ्यावर इथं आर्किटेक्ट म्हणून नोंदणी होत नाही. स्कॉटलंडचं पूर्ण केलं तर परत येऊन काम करता येईल.”

“मग नको करूस इथं काम.”

ते इतक्या थंडपणे म्हणाले की मी चहाचा कप तसाच ठेवून आत गेले. एकुलत्या एका मुलीला कायमची लांब घालवायला हा माणूस इतका उतावीळ का झालाय, ते मला कळेना. आईला विचारलं तर म्हणाली, “तुझ्या भल्याचंच सांगतायत.” आईच्या तोंडचं ते वाक्य मला पाठ करून आणल्यासारखं वाटलं.

मी लायब्ररीच काढायचं ठरवलं. घरी सांगितलं नाही.

सोमवारी लायब्ररी बंद असते. बाहेरची मापं घ्यायला तो दिवस बरा म्हणून मी टेप आणि वही पिशवीत टाकून गेले, तर मागच्या बाजूला पप्पांची मोटरसायकल उभी. सकाळी तर ते साईटवर जातो म्हणून निघाले होते. मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरले आणि उगाच जुन्या प्रश्नपत्रिका चाळत उभी राहिले. बऱ्याच वेळानं मागचं दार उघडलं. पप्पा बाहेर आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं, ते पुडकं डिकीत ठेवलं, रुमालानं बोटं एकेक करून पुसली आणि गेले.

रात्री जेवताना मी विचारलं, “आज कुठं होता?”

“साईटवर. स्लॅब होता.”

माझ्यासमोर पप्पा खोटं बोलल्याचं मला आठवत नव्हतं. बोलले असतील, पण मी पकडलं असं कधी झालं नव्हतं. माझ्या डोक्यात नाही नाही ते येऊन गेलं. कुठली बाई, कुठला व्यवहार, लायब्ररीतलं काही बाहेर जातंय का, सगळं. बापाबद्दल असा विचार करताना लाज वाटत होती आणि तरी तो थांबत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल मंदाताईंकडे गेले. मंदाताई मला पहिलीपासून ओळखायच्या. गोष्टीचं पुस्तक उशिरा परत केलं तरी दंड घ्यायच्या नाहीत. मी म्हटलं, “कॉलेजसाठी इमारत मोजायचीय.”

“मोज की. तुझीच आहे.” मग हसून म्हणाल्या, “बापलेकीला एकाच वेळी लायब्ररीचं वेड लागलंय वाटतं. तुझे पप्पा तर दर सोमवारी किल्ली नेतात.”

“कशाला?”

“गळती बघायला.”

“एप्रिलमध्ये?”

मंदाताईंचा हात कार्डांच्या खणात थबकला. त्यांच्याही मनात हे आलं असणार. “मी कसं विचारणार गं? इमारत त्यांनीच बांधलीय,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा कार्डं लावायला लागल्या.

इमारत म्हणजे खाली वाचनालय आणि वर अभ्यासिका. आधी फक्त तळमजला होता. मग स्पर्धा परीक्षांची मुलं वाढली तशी लायब्ररीचे अध्यक्ष जगतापकाका पप्पांच्या मागं लागले आणि वरचा मजला चढला. जगतापकाका पप्पांचे शाळेपासूनचे मित्र. आता वर सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुलं बसलेली असायची, खाली मान घालून, शेजारी पाण्याची बाटली.

मी खोल्या मोजल्या, खिडक्या मोजल्या, जिना मोजला. सगळं जुळत होतं, पण नदीकडच्या कोपऱ्यातल्या खोलीचे कर्ण जुळेनात. माझीच चूक असेल म्हणून परत मोजलं. मग घरी जाऊन गोदामातून लेव्हलची नळी आणली. पारदर्शक नळी असते, आत पाणी भरायचं, दोन टोकं दोन ठिकाणी धरायची. पाणी दोन्हीकडं एकाच उंचीवर थांबतं, मग जमीन कुठं उतरलीय ते लपत नाही. एक टोक मी धरलं, दुसरं मंदाताईंना धरायला लावलं.

“काय दिसतंय?” त्या विचारत होत्या.

“काही नाही,” मी म्हटलं.

दोन बोटं. नदीकडचा कोपरा दोन बोटं खाली गेला होता.

त्या कोपऱ्यात जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांचं कपाट होतं. फरशीवर त्याच्या पायांचे ओरखडे होते, कुणीतरी ते पुन्हा पुन्हा सरकवत असल्यासारखे. मंदाताई पुढं वाचकांकडे गेल्यावर मी खांद्यानं कपाट ढकललं. मागच्या भिंतीत जमिनीपासून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत तिरका तडा गेला होता. आणि त्या तड्यावर आडव्या, थोड्याथोड्या अंतरावर, काचेच्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. एक मधोमध तुटलेली होती. तिच्या शेजारची कोरी होती, तिच्यावर धूळसुद्धा नव्हती.

त्या कशासाठी असतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं, की पप्पांनी भिंतीतलं काहीतरी कपाटामागं लपवलंय आणि ते लपलेलं राहावं म्हणून दर सोमवारी येतायत. लायब्ररी काढू नको, मारुतीचं देऊळ काढ. ऑस्ट्रेलियाला जा, तिथं मोजायला सांगत नाहीत. सगळं एका ओळीत येऊन बसलं. सिमेंट खाल्लं असेल. लोखंड कमी घातलं असेल. लोक कॉन्ट्रॅक्टरांबद्दल जे बोलतात ते सगळं मला आठवलं, आणि शाळेत कुणी बोललं की मी कशी भांडायचे तेही.

घरी आई कुरडया घालत होती. मी सोऱ्या दाबायला बसले आणि विचारलं, “आई, पप्पा लायब्ररीत काय करतात?”

चिकाची कढई तशीच धरून ती म्हणाली, “तू तुझ्या कॉलेजचं बघ.”

“तुला माहितीय.”

“मला काही माहीत नाही. आणि तुलाही माहीत असायची गरज नाही. उन्हात नीट पसर त्या, चिकटतील.”

म्हणजे हिलाही ठाऊक होतं. त्या दिवशी मला घर परकं वाटलं. समोरची दोन माणसं माझ्याशी नेहमीसारखी बोलत होती, जेवायला वाढत होती, आणि मी त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या मागं काय असेल ते चाचपत होते.

मी नकाशा काढला. सगळा, जसा होता तसा. कोपऱ्यातला तिरका तडाही काढला आणि त्यावरच्या पट्ट्याही. कपाट काढलं नाही. झेरॉक्सच्या दुकानातून स्कॅन करून पाठवला.

इकडं पप्पा घाईला आले होते. “ऑस्ट्रेलियाला होकार कळवून टाक ना. कशाची वाट बघतीयस?”

“स्कॉटलंडची मुलाखत आहे. ती होऊ दे.”

“देऊळ काढलंस ना?”

“हो,” मी म्हटलं. खोटं बोलणं जमतं हे मलाही तेव्हाच कळलं.

मुलाखत दुपारी होती, कॉम्प्युटरवर. पप्पा सहसा दुपारी घरी नसायचे. त्या दिवशी मात्र थांबले. “लाईट गेली तर? इन्व्हर्टर बघतो,” असं म्हणून बाहेरच्या खोलीत स्टूल घेऊन बसले. मधलं दार त्यांनी अर्धं उघडंच ठेवलं. माझ्या मुलाखतीपेक्षा मी काय बोलते याकडंच त्यांचं लक्ष आहे, अशी माझी खात्री होती.

पडद्यावर एक वयस्कर बाई होत्या, पांढरे केस आखूड कापलेले, अंगात जाड स्वेटर. त्यांनी नाव, गाव विचारलं, मग माझा नकाशा पुढं घेतला आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“ही तिरकी रेघ कसली?” त्यांनी इंग्रजीत, सावकाश विचारलं.

“भिंतीतला तडा आहे.”

“आणि हे आडवे तुकडे?”

“काचा. तड्यावर चिकटवल्यात. कशासाठी ते मला माहीत नाही. पण आहेत म्हणून काढल्या.”

त्यांनी चष्मा काढला. “भिंत हलतेय की थांबलीय हे बघायला लावतात. भिंत हलली की काच तुटते. एखादी तुटलीय का?”

“एक तुटलीय. शेजारी नवीन लावलीय.”

“या इमारतीत आत्ता माणसं आहेत?”

“हो. वर मुलं अभ्यासाला बसतात.”

त्या पुढं झुकल्या. “मग आपण मुलाखत इथंच थांबवू. ज्यानं त्या काचा लावल्यात त्याला आधी शोध. आत्ता, लगेच. त्याला जे माहीत आहे ते बाकीच्यांना माहीत असायला हवं. बाकीचं आपण नंतर बघू.”

पडदा काळा झाला. मी वळले तर पप्पा दारात उभे होते. त्यांचं इंग्रजी बेताचं, पण त्यांना कळायचं ते कळलं होतं.

“लायब्ररी काढलीस,” ते म्हणाले.

“तुम्ही सिमेंट खाल्लं का, पप्पा?”

इतक्या दिवसांचं ते असं एकदम बाहेर पडलं. ते चिडतील असं वाटलं होतं. ते आत येऊन पलंगाच्या कडेवर बसले.

“सिमेंटचा एक कण नाही खाल्ला,” ते म्हणाले. “त्या कोपऱ्यात विहीर होती. जुनी, बुजवलेली. पाया खोदताना भराव लागला तेव्हा कळलं. खाली पक्का मुरूम लागेपर्यंत जायला पाहिजे होतं. उद्घाटनाची तारीख ठरली होती, पाहुणे ठरले होते. म्हटलं, एकच मजला आहे, तरून जाईल. कुणाला बोललो नाही.”

“आणि वरचा मजला?”

“जगताप मागं लागला तेव्हा नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं.”

बाहेर आई येऊन उभी राहिली होती. ती रडत नव्हती. पदराचं टोक हातात धरून नुसती उभी होती.

“म्हणून मला ऑस्ट्रेलियाला घालवत होता,” मी म्हटलं. “मी मोजू नये म्हणून.”

“मोजलंस तर मोजलंस. तू कधीतरी मोजणारच होतीस.” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. “ते भिंतीचं आज ना उद्या बाहेर आलंच असतं. ते बाहेर आल्यावर शेवाळे नावाच्या आर्किटेक्टला या भागात कोण काम देणार होतं? तिकडं राहिली असतीस तर तुला कुणी विचारलं नसतं, कुणाची मुलगी म्हणून.”

इतके दिवस ज्याला मी हाकलणं समजत होते ते हे होतं. पण तरीही माझा राग गेला नाही. कारण एवढा माझा विचार करणारा माणूस वर बसलेल्या मुलांचा विचार कपाटामागं सरकवून ठेवत होता.

“काच कधी तुटली?” मी विचारलं.

उत्तराची मी वाट बघितली नाही.

“पप्पा, आत्ता वर किती मुलं असतील?”

“परीक्षा आलीय जवळ,” ते म्हणाले. “भरलेली असेल.” आणि उठले. चप्पल पायात अडकवून ते बाहेर पडले.

लायब्ररीत पोचलो तेव्हा ते थेट जिन्यानं वर गेले. मी मागं. पंखे फिरत होते आणि पन्नासेक मुलं खाली माना घालून बसली होती. दारातच उभं राहून ते म्हणाले, “पोरांनो, पुस्तकं राहू द्या. उठा आणि एकेक करून खाली चला. पळायचं नाही.”

एक जण म्हणाला, “काका, पेपर आहे परवा.”

“खाली देवळात बस. पण इथं नको.”

मुलं कुरकुरत उठली. खाली मंदाताई वाचकांना बाहेर काढत होत्या, काहीही न विचारता. तोवर कुणीतरी फोन केला असावा, जगतापकाका धापा टाकत आले.

“शेवाळे, वेड लागलं का तुला? कुणाला विचारून बंद करतोयस?”

पप्पा पायरीवर उभे होते, समोर रस्ताभर मुलं. मला वाटलं आता ते काकांना बाजूला घेतील, खांद्यावर हात टाकून कुजबुजतील. पप्पांचे सगळे व्यवहार तसेच मिटायचे. पण ते तिथंच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “नदीकडच्या कोपऱ्याखाली विहीर आहे. मी तिच्यावर पाया घेतला आणि तुला सांगितलं नाही. इमारत बसतेय. आजपासून आत कुणी जायचं नाही.”

जगतापकाका इतकंच म्हणाले, “मला तरी सांगायचंस रे.” ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं पप्पा नंतर आईला म्हणाले.

पुढचं सगळं भराभर झालं. पावसाच्या आत लोखंडी टेकू लावले, वरचा मजला उतरवला. कोल्हापूरचे एक इंजिनिअर आले, त्यांच्या सांगण्यावरून कोपऱ्याखाली खोल खणून पाया नव्यानं भरला. ते काम पप्पांनी स्वतः उभं राहून करून घेतलं. बाकीची कामं मात्र त्यांच्या हातून गेली. दोन सोसायट्यांनी दुसरा कॉन्ट्रॅक्टर बघितला. बाजारात लोक बोलता बोलता थांबायचे आणि आम्ही पुढं गेलो की पुन्हा सुरू करायचे. आईनं भाजीला जायची वेळ बदलली.

स्कॉटलंडच्या बाईंनी मला पुन्हा बोलावलं. दुसऱ्या मुलाखतीत त्यांनी एकच विचारलं, “सापडला का तो?” मी म्हटलं, “सापडला. घरीच होता.” त्या हसल्या नाहीत. कॉलेजबद्दल मला काही विचारायचंय का, असं म्हणाल्या. मी विचारलं, तुमच्याकडं पडक्या, खचलेल्या इमारती दुरुस्त करायला शिकवतात का? म्हणाल्या, पहिल्या वर्षापासून. त्यांनी जागा दिली आणि मी त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाला नकार कळवला. पप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

विमानतळावर सोडायला ते स्वतः गाडी चालवत आले. आई मागच्या सीटवर डब्यांना टेकून झोपली होती. खंबाटकीचा घाट उतरून गेल्यावर मी तो प्रश्न विचारला. उन्हाळाभर तो माझ्या जिभेवर होता आणि विचारायचं धाडस झालं नव्हतं.

“पप्पा, मी मोजलं नसतं, तर तुम्ही सांगितलं असतं?”

एक ट्रक पुढं गेला. त्यांनी गिअर बदलला.

“रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं.”

“मग?”

“मग दुपार व्हायची,” ते म्हणाले.